मस्कतचे दोन करार : गोड शब्दांच्या खाली काय लिहिलं आहे?

१८ डिसेंबर २०२५ रोजी मस्कत इथे भारत आणि ओमान यांच्यात सर्वसमावेशक आर्थिक भागीदारी करार झाला. बातम्यांत तो 'सेपा' या छोट्या नावाने आला. त्याच संध्याकाळी आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुबारकबादीचे मेसेज सुरू झाले. आमच्याकडे कोकणात बहुतेक मुस्लिम घरांत मस्कत हे नाव भूगोलाच्या पुस्तकाआधी कानावर पडतं. कुणाचे अब्बा तिकडे होते, कुणाचा भाऊ आजही आहे. एकाने लिहिलं, "आता व्हिसा सोपा होणार." दुसऱ्याने लिहिलं, "आता आपला आंबा तिकडे स्वस्तात जाणार." आणि मस्कतला गाडी चालवणाऱ्या आमच्या भाच्याने एकच ओळ टाकली : "मामू, हा करार मालाचा आहे की माणसांचा?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर लगेच देता आलं नाही. आम्ही शाळेत इतिहास शिकवतो. 'तह' म्हटलं की आमच्या पोरांना वसईचा तह आठवतो. ३१ डिसेंबर १८०२ ही तारीख पाठ, दुसरा बाजीराव पाठ, परिणाम पाठ. पण तहाचा कागद हातात आला तर तो वाचायचा कसा, हे पुस्तक शिकवत नाही. म्हणून भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपण मस्कतचाच एक जुना करार उघडून बघू. तो २१ सप्टेंबर १८३३ चा आहे. एका बाजूला मस्कत आणि झांझिबारचा सुलतान सय्यद सईद बिन सुलतान, दुसऱ्या बाजूला अमेरिका. मध्ये दोन महासागर आणि काही महिन्यांचा प्रवास.

गुपचूप आलेला दूत

हा करार करायला अमेरिकेने कुणी मोठा सरदार पाठवला नव्हता. एडमंड रॉबर्ट्स हा न्यू हॅम्पशायर राज्यातला एक व्यापारी. तो आधी झांझिबारला जाऊन आला होता, तिथेच त्याची सय्यद सईदशी भेट झाली होती. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी त्याला 'पीकॉक' नावाच्या युद्धनौकेवर बसवलं. कामाचा बोभाटा होऊ नये म्हणून जहाजाच्या कागदांवर त्याची नोंद कप्तानाचा कारकून अशी केली. तो आधी व्हिएतनामला गेला, तिथे बोलणी फिसकटली. सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला, मार्च १८३३ मध्ये करार झाला. त्यानंतर तो मस्कतला पोहोचला.

सय्यद सईद कुणाच्या दबावाखाली बसलेला राजा नव्हता. ओमानचा किनारा आणि पूर्व आफ्रिकेचा किनारा, दोन्हींवर त्याचा अंमल होता. त्याचं आरमार नावाजलेलं होतं, आणि त्यातली बरीच जहाजं आपल्या मुंबईत बांधलेली होती. १८२६ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलेली 'लिव्हरपूल' ही ७४ तोफांची नौका त्याने पुढे इंग्लंडच्या राजाला भेट देऊन टाकली. तिकडे तिचं नाव 'इमाम' झालं. मुंबईच्या इंग्रजांशी मस्कतचं नातं त्याहून जुनं होतं. १७९८ चा पहिला कौलनामा मुंबई सरकारच्या वतीने मिर्झा मेहदी अली खान यांनी जमवला होता.

मग सईदला अमेरिका कशाला हवी होती? कारण उघड आहे. एकाच गिऱ्हाइकावर दुकान चालवणारा दुकानदार कायम त्या गिऱ्हाइकाच्या मुठीत राहतो. शेजारी इंग्रज बसलेले असताना दुसरं दूरचं गिऱ्हाईक मिळत असेल तर शहाणा माणूस नाही म्हणत नाही. शिवाय अमेरिकेची जहाजं तेव्हा झांझिबारला सर्वांत जास्त येत होती. सप्टेंबर १८३२ ते मे १८३४ या काळात तिथे लागलेल्या ४१ परदेशी जहाजांपैकी ३२ अमेरिकेची होती. ती सुती कापड घेऊन येत. ते कापड पूर्व आफ्रिकेत इतकं पसरलं की त्याचं नावच 'मेरिकानी' पडलं. जाताना ती हस्तिदंत, कोपल नावाचा राळेसारखा डिंक, कातडी आणि लवंग भरून नेत.

तेव्हा पहिली गोष्ट मान्य करावी लागेल. हा करार तोफ रोखून झालेला नव्हता. दोघांना गरज होती, दोघांनी खुशीने सही केली.

बुडालेल्या जहाजाचं कलम

करारात नऊ कलमं होती. पहिल्यातच कायमच्या शांततेचं वचन. पण सगळ्यात सुंदर कलम होतं ते जहाज फुटल्याचं. अमेरिकेचं जहाज सुलतानाच्या किनाऱ्यावर फुटलं तर वाचलेल्या माणसांचं काय करायचं? रॉबर्ट्सच्या मसुद्यात होतं की खर्च अमेरिका भरून देईल. सय्यद सईदने ते खोडायला लावलं. अडचणीत सापडलेल्या माणसाला मदत करून त्याचे पैसे घ्यायचे, हे अरबांच्या मेहमाननवाजीत बसत नाही, असं त्याचं म्हणणं. शेवटी लिहिलं गेलं ते असं : त्या माणसांची सोय सुलतानाच्या खर्चाने होईल, आणि सुलतान त्याचा मोबदला कधीच घेणार नाही.

हे कागदावरचं वचन दोन वर्षांतच कसोटीला लागलं. सप्टेंबर १८३५ मध्ये मंजुरीचे कागद घेऊन रॉबर्ट्स परत येत होता, तेव्हा ती 'पीकॉक' नौकाच ओमानच्या मसिरा बेटाजवळ वाळूत रुतली. जहाज हलकं करायला खलाशांनी तोफा समुद्रात ढकलल्या. रॉबर्ट्स छोट्या होडीतून मस्कतला मदत मागायला निघाला. सुलतानाने जहाज, माणसं आणि रसद पाठवली. जहाज सुटलं, मंजुरीचे कागद एकमेकांना दिले गेले, आणि 'पीकॉक' दुरुस्तीसाठी मुंबईला गेली. दिलेला शब्द सईदने अक्षरशः पाळला.

वर्गात हे सांगितलं की पोरं खूश होतात. मागच्या वर्षी एकाने विचारलं, "सर, म्हणजे हा करार चांगला होता ना?" आम्ही म्हणालो, थांब, आधी पुढचं कलम वाच.

पाच टक्के, पण कुणाचे?

पुढचं कलम करांचं. इथे एक शब्द नीट घेऊ. आपल्या घरात 'जकात' म्हणजे इबादतीतली जकात. मराठीत त्याच अरबी शब्दावरून 'जकात नाका' आला. घोळ नको म्हणून आपण 'आयातकर' म्हणू.

करारात ठरलं की अमेरिकेच्या जहाजाने सुलतानाच्या बंदरात माल उतरवला तर त्यावर जास्तीत जास्त पाच टक्के कर. त्यातच सगळं आलं. आयातकर, निर्यातकर, बंदराचा आकार, नांगर टाकण्याचा आकार, वाटाड्याची फी, व्यापाराचा परवाना, वेगळं काहीच मागायचं नाही. माल विकला गेला नाही आणि परत नेला, तर त्यावर काहीच नाही.

आणि सुलतानाच्या माणसांची जहाजं अमेरिकेला गेली तर? तिथे पाच टक्के लिहिलेलं नाही. तिथे लिहिलं आहे की 'सर्वाधिक पसंतीच्या राष्ट्राला' जो दर असेल त्याहून जास्त घेणार नाही. हा शब्द आपल्याला नवा नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामानंतर भारताने पाकिस्तानचा हाच दर्जा काढून घेतला होता. ऐकायला वाटतं की लाडक्या देशाला खास सवलत. खरा अर्थ एवढाच की इतरांना जो दर लावतो तोच तुम्हाला, त्याहून वाईट वागणूक नाही. पण तो दर किती ठेवायचा, हे दर ठरवणाऱ्याच्या हातात.

आता दोन्ही ओळी शेजारी ठेवा. मस्कतने आकडा बांधून घेतला. अमेरिकेने फक्त पद्धत मान्य केली, आकडा स्वतःच्या खिशात ठेवला. आणि तो आकडा काय होता? १८२८ चा अमेरिकेचा आयातकर कायदा इतका जड होता की त्यांच्याच दक्षिणेकडच्या राज्यांनी त्याला तिरस्करणीय म्हटलं, प्रकरण देश फुटण्याच्या टोकाला गेलं. म्हणून मार्च १८३३ मध्ये तडजोडीचा कायदा आला. त्यात काय ठरलं? वीस टक्क्यांच्या वरचे कर हळूहळू उतरवत १८४२ पर्यंत वीस टक्क्यांवर आणायचे. म्हणजे ज्या वर्षी मस्कतने पाच टक्क्यांवर सही केली, त्याच वर्षी अमेरिकेची 'सवलत' होती नऊ वर्षांनंतर वीस टक्के.

इथे कुणी फसवलं असं आमचं म्हणणं नाही. कागद दोघांसमोर होता. पण शब्दांतली बरोबरी आणि हिशेबातली बरोबरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं दिसतं.

न्यूयॉर्कला गेलेलं मुंबईचं जहाज

सईदने मात्र बरोबरी खरी करून बघायचा प्रयत्न केला. १८३३ मध्येच मुंबईत माझगावला बांधलेलं 'सुलताना' नावाचं जहाज त्याने अमेरिकेला पाठवलं. ३० एप्रिल १८४० रोजी ते न्यूयॉर्कच्या बंदरात लागलं. सुलतानाचा दूत होता अहमद बिन नामान. जहाजात खजूर, हस्तिदंत, लवंग, कॉफी, गालिचे. राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेन यांच्यासाठी दोन अरबी घोडे, मोती, गुलाबपाणी आणि बरंच काही. बघायला लोकांची झुंबड उडाली. अहमद बिन नामानचं तिथे काढलेलं तैलचित्र आजही आहे. अमेरिकन आरमाराने 'सुलताना'ची डागडुजी आपल्या गोदीत फुकट करून दिली. मसिराच्या उपकाराची ही परतफेड म्हणायला हरकत नाही.

नजराण्यांचं मात्र वेगळं झालं. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार संसदेच्या परवानगीशिवाय राष्ट्राध्यक्षाला परक्या राजाकडून भेट घेता येत नाही. व्हॅन ब्युरेन यांनी ती स्वतःसाठी घ्यायला नकार दिला. मग संसदेने ठराव करून त्या वस्तू सरकारजमा केल्या, घोड्यांचा लिलाव झाला. मे २०२५ मध्ये कतारने दिलेलं बोइंग ७४७ अमेरिकेच्या संरक्षण खात्याने स्वीकारलं तेव्हा जो वाद झाला, त्याच्या मुळाशी घटनेतलं हेच कलम होतं.

'सुलताना' ऑगस्टमध्ये परतीला निघाली. आणि पुढे? असा फेरा नियमित झाला नाही. अमेरिकेची जहाजं झांझिबारला येत राहिली, सुलतानाची जहाजं अमेरिकेला जाण्याचा रिवाज पडला नाही. झांझिबारला अमेरिकेचा वकील म्हणून आलेला रिचर्ड वॉटर्स स्वतःच व्यापारी होता, आणि बंदराच्या कराचा मक्ता कच्छच्या जयराम शिवजी यांच्या पेढीकडे होता. दोघांचं चांगलं जमलं. दोन्ही बाजूंना दरवाजा उघडा होता, पण वर्दळ एकाच बाजूने राहिली. ज्याच्याकडे जहाजं, गिरण्या आणि भांडवल जास्त, त्याला उघड्या दरवाजाचा फायदा जास्त.

ज्यांचं नाव कलमांत नव्हतं

आपल्या लोकांना सय्यद सईदचा किस्सा सांगताना एक गोष्ट गाळायचा मोह होतो. ती गाळू नये. झांझिबारची लवंग गुलामांच्या घामावर उभी होती. हस्तिदंत आतल्या मुलुखातून किनाऱ्यावर येत असे, ते बऱ्याचदा गुलामांच्याच डोक्यावरून. आणि पलीकडून येणारं 'मेरिकानी' कापड ज्या कापसाचं, तो अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामच वेचत होते. फुटलेल्या जहाजातल्या माणसाला मेहमान मानणाऱ्या करारात या दोन्हीकडच्या माणसांसाठी एक ओळ नव्हती. तो राजा आपल्या दीनाचा होता म्हणून हे झाकलं, तर आमच्या शिकवण्याला अर्थ राहत नाही.

गुलामांचा बाजार बंद करण्याचा तह जून १८७३ मध्ये झाला. त्यासाठी लंडनहून आले होते मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर. बोलण्याने जमलं नाही तेव्हा बंदराची नाकेबंदी करण्याची धमकी दिली गेली, मग सुलतान बर्गशने सही केली. काम नेक होतं, पण तोवर झांझिबारला नाही म्हणण्याची ताकद उरली नव्हती.

ती ताकद गेली कशी? १८५६ मध्ये सय्यद सईदचं निधन झालं. मस्कत एका मुलाकडे, झांझिबार दुसऱ्याकडे. भांडण झालं तेव्हा निवाडा कुणी केला? हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग यांनी, १८६१ मध्ये. दोन राज्यं वेगळी झाली, झांझिबारने मस्कतला दरवर्षी ४०,००० क्राउन द्यायचे ठरले. पुढे ती रक्कम इंग्रजांनीच द्यायला सुरुवात केली, आणि देणाऱ्याचा हात कायम वर राहिला. १ जुलै १८९० रोजी इंग्लंड आणि जर्मनी यांनी आपसात करार केला. जर्मनीला उत्तर समुद्रातलं हेलिगोलँड बेट मिळालं, इंग्लंडला झांझिबारवरचं संरक्षण मान्य करून मिळालं. ज्याच्याबद्दल हा सौदा झाला, तो झांझिबार त्या टेबलावर नव्हताच.

दोन शेजारची उदाहरणं

मस्कत एकटं नव्हतं. १६ ऑगस्ट १८३८ रोजी इस्तंबूलजवळ बाल्टा लिमान इथे उस्मानी सल्तनतीने इंग्लंडशी व्यापारी करार केला. इजिप्तचा मुहम्मद अली डोईजड झाला होता, त्याच्याविरुद्ध इंग्रजांचा हात हवा होता. त्या बदल्यात काय दिलं? सरकारी मक्तेदाऱ्या बंद. इंग्रजी मालाच्या आयातीवर एकूण पाच टक्के, निर्यातीवर एकूण बारा टक्के, आणि देशांतर्गत इतर करांतून इंग्रज व्यापाऱ्याची सुटका. पण त्यांच्याच देशातला व्यापारी एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात माल नेताना कर भरत राहिला. स्वतःच्या घरात तो परक्यापेक्षा महाग पडला. क्रिमियाच्या लढाईत, १८५४ मध्ये, सल्तनतीने पहिलं परदेशी कर्ज काढलं. १८७५ मध्ये हप्ते थकले. १८८१ मध्ये कर्जदारांची संस्थाच येऊन बसली आणि मीठ, तंबाखूसारख्या वस्तूंवरचा महसूल थेट गोळा करू लागली. या सगळ्याला एकटा बाल्टा लिमान जबाबदार नाही. पण तिजोरी रिकामी होत असताना आयातकर वाढवायचा तर परक्यांची परवानगी लागत होती, हे खरं आहे. सुटका झाली ती १९२३ च्या लोझान तहाने, तीही महायुद्ध आणि स्वातंत्र्याची लढाई यांच्यानंतर.

दुसरं उदाहरण इथिओपियाचं, आपल्या ओळखीच्या हबशाचं. २ मे १८८९ रोजी मेनेलिक दुसरा याने इटलीशी उचाली इथे करार केला. अम्हारी भाषेतल्या सतराव्या कलमात होतं की परदेशांशी व्यवहार करताना राजा इटलीची मदत घेऊ शकतो. इटालियन प्रतीत त्याच ठिकाणी अर्थ होता की घ्यावीच लागेल. 'शकतो' आणि 'लागेल' या दोन शब्दांत एक देश स्वतंत्र की दुसऱ्याच्या पंखाखाली, एवढा फरक. मेनेलिकने करार फेटाळला, इटलीने फौज आणली, आणि १ मार्च १८९६ रोजी अडवाच्या रणात इटली हरली.

भाषेची ही गोष्ट वाचताना आम्हाला भाच्याचाच नोकरीचा कागद आठवतो. पहिल्यांदा तो आखातात गेला तेव्हा इंग्रजी प्रतीत लिहिलं होतं 'ड्रायव्हर'. शेजारी अरबी मजकूर. आम्ही उर्दू शिकलेले, अक्षरं सगळी वाचता येतात, अर्थ लागत नाही. मोहल्ल्यातल्या हाफिजजींना दाखवलं, ते म्हणाले, "मास्तर, तिलावत करून देतो, मतलब आलिमलाच विचारा." मदरशात शिकवणाऱ्या एका मौलानांनी चष्मा वर करून बघितलं आणि सांगितलं, यात 'सायिक' कुठेच नाही, 'आमिल' लिहिलंय. सायिक म्हणजे चालक. आमिल म्हणजे मजूर. भाच्याने तो कागद परत पाठवला. तीन आठवड्यांनी दुरुस्त होऊन आला. ते तीन आठवडे घरात सगळे आमच्यावर नाराज होते, की हातची नोकरी घालवली. सही थांबवायला किती ताकद लागते हे त्या दिवसांत कळलं. आणि हे एका घराचं. गरज असलेल्या देशाचं काय होत असेल?

आता डिसेंबरच्या करारावर

आता २०२५ कडे येऊ. ओमानने आपल्या ९८ टक्क्यांहून जास्त वस्तू-प्रकारांवर भारतीय मालाला शून्य आयातकर दिला. भारताने सुमारे ७८ टक्के प्रकारांवर सवलत दिली. दूध-दुभतं, चहा, कॉफी, रबर, तंबाखू हे आपल्या शेतकऱ्यांशी जोडलेले माल भारताने बाहेर ठेवले. जिथे स्वतःच्या माणसाचं पोट आहे तिथे सही न करण्याचं हे शहाणपण १९ व्या शतकात अनेकांना परवडलं नव्हतं. भारताने यूएईशी असाच करार फेब्रुवारी २०२२ मध्ये केला, ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये. ज्या देशाने कधी आपल्यावर आयातकराचे दर लादले, त्याच्याशी आज समोरासमोर बसून बोलणी होतात. हे लहान यश नाही.

पण भाच्याचा प्रश्न तसाच आहे. करारात माणसांबद्दल आहे का? आहे. कंपनीच्या अंतर्गत बदलीवर जाणाऱ्यांचा कोटा २० वरून ५० टक्के झाला. कंत्राटी सेवा देणाऱ्यांची मुदत ९० दिवसांवरून दोन वर्षं, पुढे वाढवता येण्याजोगी. पण रोख आहे तो हिशेबनीस, डॉक्टर अशा शिकलेल्या व्यावसायिकांवर. ओमानमध्ये सुमारे सात लाख भारतीय आहेत. त्यांत गाडी चालवणारे, सुतारकाम करणारे, हॉटेलात भांडी घासणारे किती तरी. त्यांचा पगार, पासपोर्ट, मालक बदलण्याची मुभा हे सगळं ठरतं ते तिथल्या कामगार कायद्याने आणि त्यांच्या हातातल्या नोकरीच्या कागदाने. तेव्हा भाच्याला आम्ही लिहिलं : "करार मालाचा आहे, थोडा शिकलेल्या माणसांचाही. तुझा करार अजून तुझ्या खिशातला कागद आहे." त्याने अंगठा दाखवला. मग लिहिलं, "मतलब धाकट्याला शिकवा."

आणखी एक धडा ओमानच्याच अनुभवातून. अमेरिकेशी त्याचा मुक्त व्यापार करार २००६ मध्ये झाला, १ जानेवारी २००९ पासून लागू झाला. तरी ५ एप्रिल २०२५ पासून अमेरिकेने जवळजवळ सगळ्या जगावर जो दहा टक्के आयातकर लावला, त्यातून ओमान सुटलं नाही. आपल्यावर तर ऑगस्ट २०२५ मध्ये २५ अधिक २५ असे ५० टक्के आले. करार असो वा नसो, बलवान पक्ष एका सहीने आकडा बदलू शकतो, हे आपण डोळ्यांनी बघितलं. १८३३ मध्ये आकडा स्वतःच्या खिशात ठेवण्याचा अर्थ हाच होता.

मग करार करूच नयेत का? तसं नाही. सय्यद सईदने केलं ते चूक होतं असं आम्हाला वाटत नाही. एका गिऱ्हाइकाच्या मुठीत राहण्यापेक्षा दोन गिऱ्हाइकं बरी. चूक एवढीच की कागदाला शेवट नव्हता. किती वर्षांसाठी, परिस्थिती बदलली तर काय, बाहेर कसं पडायचं, याचं कलम त्या नऊ कलमांत नव्हतं. सुलतान गेले, झांझिबार गेलं, गुलामांचा बाजार बंद झाला, वाफेची जहाजं आली, तेल सापडण्याची वेळ आली. तो करार मात्र उभाच होता. त्याची जागा घेणारा नवा करार सलाला इथे झाला तो २० डिसेंबर १९५८ रोजी. म्हणजे सव्वाशे वर्षांनी. याउलट जपानने १८५८ मध्ये दबावाखाली असेच करार केले, पण नेटाने पाठपुरावा करून १९११ पर्यंत आपले आयातकर ठरवण्याचा हक्क परत मिळवला.

वर्गात आम्ही आता तहाची तारीख विचारतो, आणि त्याखाली चार सवाल लिहून घेतो. सही करताना समोर काय होतं, गरज की तोफ? दोघांनी सारखंच दिलं की एकाने आकडा आणि दुसऱ्याने नुसता शब्द? दोन्ही भाषांत एकच लिहिलं आहे का? आणि बाहेर पडायचा दरवाजा कुठे आहे? पाचवा सवाल एका मुलीने स्वतःहून जोडला : "सर, ज्यांच्याबद्दल लिहिलंय, ते लोक तिथे बसले होते का?"

हे सवाल देशांच्या कागदांना लागू आहेत, तसेच आपल्या घरातल्या कागदांनाही. भाडेकरार, कर्जाचा फॉर्म, आखाताचा नोकरीचा कागद. ज्या घरात पुढच्या महिन्यात कुणी मस्कतला, दोहाला, रियाधला निघणार आहे, त्यांनी बॅग भरण्याआधी दोन्ही भाषांतला कागद एखाद्या जाणकारासमोर ठेवावा. घरातले दोन-तीन आठवडे नाराज राहतील, राहू द्या.